फ्लॉरेन्स, ह्यूमॅनिझम आणि ती इटालियन शहरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेनेसान्सबद्दल, म्हणजे शाळेतल्या त्या प्रबोधनकाळाबद्दल, चार ओळी लिहिल्या की तेच ते प्रश्न येतात, मग मी तीच ती उत्तरं टाइप करत बसतो, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू. बहुतेक उदाहरणं फ्लॉरेन्सची आहेत कारण त्या गावाने कागद फार जपून ठेवलेत आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त माहितीये.

ह्यूमॅनिझम म्हणजे देव बाजूला आणि माणूस मध्यभागी, हेच ना?

शाळेच्या पुस्तकात हेच असतं आणि मार्कही मिळतात, पण त्या काळातल्या एखाद्या ह्यूमॅनिस्टला हे सांगितलं असतं तर तो दचकलाच असता. इटालियन कवी पेत्रार्क (१३०४-१३७४), ज्याच्यापासून ही गोष्ट सुरू करतात, तो चर्चकडून मिळणाऱ्या उत्पन्नावर जगायचा आणि १३३६ मध्ये व्हाँतू डोंगर चढला तेव्हा सोबत पुस्तक कुठलं तर सेंट ऑगस्टिनचं. देव कुणी सोडला नव्हता.

'ह्यूमॅनिझम' हा शब्दच मुळात १८०८ चा, नीतहामर नावाच्या एका जर्मन शिक्षणतज्ज्ञाने काढलेला. तेव्हाचे लोक म्हणायचे 'स्तुदिया ह्युमानितातिस', म्हणजे पाच विषय: व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र. थोडक्यात आपली आर्ट्स साइड. हे शिकवणारा तो 'उमानिस्ता', आणि हा शब्दही युनिव्हर्सिटीतल्या पोरांच्या बोलीतला, कायदा शिकवणारा 'जुरिस्ता' तसा हा 'उमानिस्ता'.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं सगळं कुठून बोलतोय ते कळेल: ही चळवळ कुणा साधूने चिंतन करून काढलेली नाही, ती पेढी, कोर्टकचेरी आणि चिटणिसाच्या टेबलावरून आलीये. ज्या गावाचं पोट कागदावर चालतं त्या गावात चांगलं लिहिणाऱ्याला भाव येतो, एवढं साधं आहे.

तेव्हा इटली हा देश होता का?

नाही. १८६१ पर्यंत नव्हता. फ्लॉरेन्स, व्हेनिस, जेनोआ, सिएना, लुक्का ही प्रजासत्ताकं, मिलानमध्ये आधी व्हिस्कोन्ती आणि मग स्फोर्झा घराण्याची सत्ता, मध्ये पोपचा मुलूख, खाली नेपल्सचं राज्य, शिवाय मांतुआ, फेरारासारखी छोटी दरबारी गावं. सगळे एकमेकांच्या उरावर.

मग इटलीतच का? फ्रान्समध्ये का नाही?

एकच कारण नाहीये. शहरं खूप होती आणि श्रीमंत होती, आणि सरदार लोक किल्ल्यात न राहता शहरातच राहायचे, व्यापाऱ्यांत लग्नं करायचे. पोप आणि सम्राट यांच्या भांडणात वरचा धनी कुणीच धड उरला नव्हता, म्हणून शहरं आपला कारभार आपणच बघायला शिकली. रोमन अवशेष तर घराच्या भिंतीला भिंत लावून उभे. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो नोटरी. बोलोन्याला कायद्याची मोठी शाळा होती आणि इटलीतल्या गावागावांत नोटरींचा सुळसुळाट, घर विका, लग्न ठरवा, उसने पैसे द्या, मृत्युपत्र करा, प्रत्येक गोष्टीला लॅटिनमध्ये कागद. लिओनार्दो दा विंचीचे वडील नोटरीच होते. लॅटिन रोजच्या वापरातली होती म्हणून कुणाला तरी वाटलं की अरे आपली लॅटिन फार गचाळ झालीये, तो जुना रोमन वक्ता सिसेरो बघा कसा लिहायचा.

फ्लॉरेन्समध्ये खरंच लोकशाही होती का?

आजच्या अर्थाने अजिबात नाही, पण राजाही नव्हता. सरकार म्हणजे सिन्योरिया, ९ माणसांची: ८ प्रायर (सभासद) आणि वर एक गोन्फालोनिएरे (प्रमुख). मुदत किती? फक्त २ महिने! नंतर नवे ९. पात्र लोकांच्या नावाच्या चिठ्ठ्या चामड्याच्या पिशव्यांत भरून ठेवायचे आणि वेळ आली की काढायचे. नाव निघालं आणि कळलं की गडी कर थकवून बसलाय, तर चिठ्ठी बाद. नाव लागलं की त्या २ महिन्यांत घरी जायचं नाही, सरकारी वाड्यातच राहायचं, तिथेच जेवायचं-झोपायचं, म्हणजे बाहेर कुणाशी सेटिंग नको.

पण पिशवीत नाव जाण्यासाठी गिल्डचं, म्हणजे धंदेवाल्यांच्या संघाचं, सभासदत्व लागायचं, आणि गिल्ड एकूण २१, त्यातली ७ मोठी (लोकर, रेशीम, सराफ, वकील-नोटरी वगैरे) आणि १४ छोटी, म्हणजे खाटीक, चांभार, लोहार असे. बायका नाहीत, मजूर नाहीत, आसपासच्या खेड्यातले नाहीत. तरीसुद्धा दर २ महिन्यांनी नवे लोक म्हणजे वर्षाला ५४ खुर्च्या, शिवाय इतर सतराशे साठ समित्या, त्यामुळे साध्या कापड व्यापाऱ्यालाही आयुष्यात कधीतरी सभेत उभं राहून बोलायची वेळ यायचीच. भाषण कसं करायचं हे शिकायला गिऱ्हाईक आपोआप तयार होतं.

पैसा यायचा कुठून?

लोकर आणि पेढ्या. बाहेरून लोकर आणायची, विणून, रंगवून, भारी कापड करून विकायचं. १२५२ मध्ये फ्लोरिन नावाचं सोन्याचं नाणं पाडलं, साधारण साडेतीन ग्रॅमचं, आणि ते युरोपभर चालायचं.

पेढ्या बुडायच्याही. बार्दी आणि पेरुत्सी ही बडी घराणी १३४० च्या दशकात झोपली, आणि त्यांच्या बुडीत खात्यात इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड होता. राजाला कर्ज दिलं की काय होतं ते बघा.

आणि हो, व्याज घेणं पाप होतं. मग करायचे काय तर हुंडी. अगदी आपल्या हुंडीसारखीच, पैसे इथे द्यायचे फ्लोरिनमध्ये, काही महिन्यांनी ब्रूज किंवा लंडनला तिथल्या नाण्यात घ्यायचे, आणि व्याज कुठे तर नाण्याच्या भावातल्या फरकात लपलेलं. पाद्रीही खूश, सावकारही खूश.

प्रातो गावचा दातिनी नावाचा व्यापारी १४१० मध्ये वारला, त्याची जवळपास दीड लाख पत्रं आणि शेकडो वह्या १८७० मध्ये त्याच्याच घरात सापडल्या. वहीवर लिहिलेलं असायचं 'देवाच्या आणि नफ्याच्या नावाने'. आपल्याकडे चोपडीवर 'शुभ लाभ' लिहितात ते आठवलं ना? मलाही.

व्यापाऱ्यांची पोरं शाळेत हेच सिसेरो-बिसेरो शिकायची का?

बहुतेक नाही. १३३८ च्या सुमाराचे आकडे विल्लानी नावाच्या इतिहासकाराने दिलेत: वाचायला शिकणारी मुलं-मुली ८ ते १० हजार, हिशेबाच्या ६ शाळांत १,००० ते १,२०० पोरं, आणि लॅटिन व्याकरण नि तर्कशास्त्र शिकणारी फक्त ५५० ते ६००. म्हणजे हिशेबवाले लॅटिनवाल्यांच्या दुप्पट.

हिशेबाच्या शाळेला 'आबाको' म्हणायचे आणि गंमत म्हणजे तिथे शिकवायचे आपले आकडे. पिसाच्या फिबोनाचीने १२०२ मध्ये पुस्तक लिहिलं त्याच्या सुरुवातीलाच 'हे भारतीयांचे नऊ आकडे' असं सरळ लिहिलंय, आणि शून्य वेगळं. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या गिल्डने वह्यांत हे आकडे वापरायला बंदीही घातली होती. पण बाजार ऐकतो का कुणाचं.

सरकारी नोकरीचा आणि ह्यूमॅनिझमचा काय संबंध?

हाच तर मुद्दा आहे! कोलुच्चो सालुताती १३७५ पासून १४०६ मध्ये मरेपर्यंत फ्लॉरेन्सचा चान्सेलर होता, म्हणजे चिटणीसच म्हणा, राज्याची सगळी पत्रं त्याच्या हातून जायची. २ महिन्यांनी सरकार बदलायचं पण चिटणीस तोच, त्यामुळे बाहेरच्या जगाला फ्लॉरेन्सचा आवाज म्हणजे सालुतातीचा आवाज. मिलानच्या व्हिस्कोन्तीशी लढाई चालू होती, आणि असं म्हणतात की व्हिस्कोन्ती म्हणाला, सालुतातीचं एक पत्र मला हजार घोडेस्वारांपेक्षा जास्त महाग पडतं. तो खरंच बोलला की फ्लॉरेन्सवाल्यांनी त्याच्या तोंडी घातलं ते सोडा, पण असं मिरवावंसं वाटणारं गाव होतं हे महत्त्वाचं. (१४०२ मध्ये तो व्हिस्कोन्ती तापाने गेला आणि फ्लॉरेन्स वाचलं, त्यात पत्रांचा हात नव्हता.)

त्याच्यानंतर त्याच गादीवर लिओनार्दो ब्रुनी, ज्याने फ्लॉरेन्सचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला, मग पोज्जो. 'द प्रिन्स' लिहिणारा माकियाव्हेल्लीसुद्धा १४९८ ते १५१२ दुसऱ्या कचेरीत नोकरीला.

जुनी हरवलेली पुस्तकं शोधायचे म्हणजे नेमकं काय करायचे?

मठ पालथे घालायचे. पोज्जो पोपचा सेक्रेटरी होता, कोन्स्तान्सच्या धर्मपरिषदेत त्याच्या पोपलाच १४१५ मध्ये काढून टाकलं आणि हा बेकार. मग काय, मित्रांबरोबर आसपासचे मठ बघत फिरला. १४१६ मध्ये सेंट गालेनच्या मठात रोमन शिक्षक क्विंतिलियानचं वक्तृत्वावरचं पुस्तक अख्खं सापडलं, बुरशी आणि धुळीत पडलेलं, एका मनोऱ्याच्या तळाशी. पुढच्या वर्षी रोमन कवी लुक्रेशियसचं काव्य.

आता पुढचं ऐका. लुक्रेशियसची कॉपी त्याने फ्लॉरेन्सला त्याच्या पुस्तकवेड्या मित्राकडे, निक्कोलो निक्कोलीकडे पाठवली, आणि निक्कोलीने ती दाबून ठेवली. दहा-बारा वर्षं! पोज्जो पत्रांवर पत्रं लिहितोय, बाबा रे माझं पुस्तक दे. उसनं दिलेलं पुस्तक परत न येणं ही काही आपल्याच मित्रमंडळींची खासियत नाही. निक्कोली वारल्यावर त्याची पुस्तकं मेदिची या पेढीवाल्या घराण्याच्या पैशाने सान मार्कोच्या मठात लोकांना वाचायला खुली झाली, १४४४ मध्ये.

फॉन्टचा आणि यांचा काहीतरी संबंध आहे असं ऐकलं?

आहे आणि तो एका चुकीतून आलाय. या मंडळींना त्यांच्या काळचं काटेरी, दाटीवाटीचं गॉथिक अक्षर आवडायचं नाही. मठात सापडलेल्या जुन्या पोथ्यांचं गोल, मोकळं अक्षर बघून त्यांना वाटलं हेच रोमनांचं अक्षर, आणि त्यांनी ते गिरवायला घेतलं. प्रत्यक्षात त्या पोथ्या ९व्या ते १२व्या शतकातल्या, शार्लमेनच्या काळापासून चालत आलेल्या वळणाच्या. छपाई आल्यावर तेच अक्षर ठशात गेलं आणि आज 'रोमन' म्हणून आपल्या कॉम्प्युटरवर बसलंय. आणि निक्कोलीचं ते भरभर लिहिलेलं तिरकं अक्षर, त्याच वळणावरून व्हेनिसच्या छापखानेवाल्या आल्दोने १५०० च्या सुमारास जे ठसे करून घेतले ते इटॅलिक.

१४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं, तिथले पंडित पळून आले आणि रेनेसान्स सुरू झाला ना?

नाही हो. हे उत्तर परीक्षेपुरतं ठेवा. सालुतातीने क्रिसोलोरास या ग्रीक पंडिताला ग्रीक शिकवायला फ्लॉरेन्सला बोलावलं ते १३९७ मध्ये, म्हणजे ५६ वर्षं आधी, आणि पगार देऊन. १४३९ मध्ये चर्चची परिषद फ्लॉरेन्सला भरली तेव्हाही ग्रीक पंडितांचा तांडाच आला होता. १४५३ नंतर आणखी आले, पुस्तकंही आली, पण चूल आधीच पेटलेली होती.

बायकांचं काय?

फ्लॉरेन्समध्ये वाईट. व्हेनिस, व्हेरोना, ब्रेशा इकडे निदान कासान्द्रा फेदेले, इसोत्ता नोगारोला, लाउरा चेरेता अशा लॅटिन लिहिणाऱ्या बायका झाल्या, त्यांनाही टोमणे खावे लागलेच.

फ्लॉरेन्समधली मला सगळ्यात जवळची वाटते ती अलेस्सान्द्रा स्त्रोत्सी. नवऱ्याला १४३४ मध्ये हद्दपार केलं, वर्षभरात तो प्लेगने गेला, पुढे मुलं कामधंद्याला परमुलखात, ही घर सांभाळतीये. ऑगस्ट १४४७ मध्ये नेपल्सला असलेल्या फिलिप्पोला, थोरल्या मुलाला, पत्र लिहिते की कातेरीनाचं ठरलं, मुलगा मार्को पारेन्ती, रेशमाचा धंदा, एकुलता एक, पैसेवाला. हुंडा १,००० फ्लोरिन. त्यातले ५०० सरकारी फंडातून येणार, उरलेले रोख आणि कपडेलत्ते मिळून. आणि मग मन मोकळं करते, की आणखी ४००-५०० घातले असते तर अजून मोठं घराणं मिळालं असतं, पण पोरगी १६ वर्षांची झाली, थांबून चालणार नव्हतं. यात ग्रीक नाही, रोम नाही, पण हे वाचताना मला तरी आपल्याच घरातली कुणी आजी बोलतीये असं वाटतं.

तो सरकारी फंड म्हणजे 'मोन्ते देल्ले दोती', १४२५ मध्ये काढलेला. मुलगी लहान असताना बापाने पैसे भरायचे, ठराविक वर्षांनी लग्न झालं की वाढलेली रक्कम नवऱ्याला. मुलींच्या हुंड्याची एफडीच, आणि सरकारला लढाईसाठी पैसा. सुरुवातीच्या नियमात मुलगी मधेच वारली तर भरलेले पैसे सरकारजमा व्हायचे. तो नियम लोकांनी काही वर्षांतच बदलायला लावला.

आणि गरीब?

१४२७ मध्ये 'कातास्तो' आला, म्हणजे आयटी रिटर्नच. प्रत्येक घरप्रमुखाने लिहून द्यायचं: जमीन, घर, धंद्यातला पैसा, येणी, देणी, खाणारी तोंडं किती. दर तोंडामागे २०० फ्लोरिनची सूट आणि राहतं घर माफ. फ्लॉरेन्स शहरात जवळपास १० हजार घरं भरली. लोकांनी रडगाणी अगदी मन लावून लिहिलीत, म्हातारा झालो, आजारी आहे, दुकान चालत नाही. मसाच्चो, ज्याची भित्तिचित्रं बघायला आज रांगा लागतात, त्याचंही रिटर्न आहे: राहतो आई आणि भावाबरोबर, घर भाड्याचं, डोक्यावर देणी. आकडे मांडल्यावर दिसतं काय, तर वरच्या १ टक्का घरांकडे शहराच्या संपत्तीचा चौथा हिस्सा.

लोकर कामगारांना स्वतःचं गिल्ड काढायची बंदी होती. जुलै १३७८ मध्ये ते उठले, त्यांना 'चोम्पी' म्हणतात, सरकारी वाडा घेतला आणि लोकर पिंजणारा मिकेले दी लान्दो थेट गोन्फालोनिएरे झाला. ३ नवी गिल्डं निघाली. ऑगस्ट संपता संपता चोम्पींचं गिल्ड मोडूनही टाकलं. ह्यूमॅनिस्टांच्या स्वातंत्र्यावरच्या सुंदर भाषणांत यांना जागा नाही, हे वाचताना खटकतं आणि खटकायलाच पाहिजे.

आणि गुलामही होते. १३४८ च्या प्लेगमध्ये निम्मं शहर मेलं, मग कामाला माणसं मिळेनात तेव्हा १३६० च्या दशकात ख्रिश्चन नसलेले गुलाम आणायला रीतसर परवानगी दिली. बहुतेक काळ्या समुद्राकडच्या मुली. कोसिमो मेदिचीला अशाच एका सर्केशियन दासीपासून मुलगा झाला, कार्लो, तो पुढे चर्चमध्ये मोठ्या हुद्द्यावर गेला.

मेदिची म्हणजे राजेच ना?

१५व्या शतकात तरी नाही. जोव्हान्नीने १३९७ मध्ये पेढी काढली, कोसिमोला १४३३ मध्ये हद्दपार केलं, १४३४ मध्ये तो परत आला आणि मग त्याने मुकुट-बिकुट न घालता एवढंच केलं की पिशव्यांत कुणाच्या चिठ्ठ्या जायच्या ते आपल्या माणसांनी ठरवायचं. संपला विषय. संविधान तेच, निकाल आपला. लोकांना कळत होतं. २६ एप्रिल १४७८ ला पात्सी घराण्याच्या कटात कॅथेड्रलमध्ये भर प्रार्थनेत कोसिमोचा नातू जुलियानो याला भोसकून मारलं, त्याचा भाऊ लोरेन्झो आतल्या खोलीत घुसून वाचला, आणि त्याच्यासोबत कोण होतं तर कवी पोलित्सियानो. ह्यूमॅनिस्ट फक्त लायब्ररीत बसायचे असं नाही.

सामान्य माणसाच्या घरात ही पुस्तकं पोचली का?

हळूहळू, आणि छपाईनंतर जास्त. माकियाव्हेल्लीचे वडील बेर्नार्दो, फारसे पैसेवाले नसलेले वकील, त्यांनी लिव्हीच्या रोमन इतिहासातल्या गावा-नद्या-डोंगरांच्या नावांची सूची एका छापखानेवाल्यासाठी केली, महिनोन्महिने बसून, आणि मेहनताना काय तर तेच पुस्तक. हे त्यांनी स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. पुढे १४८६ मध्ये ते बाइंडिंगला दिलं तेव्हा पोरगा निक्कोलो १७ वर्षांचा, त्यानेच बाइंडरकडे लाल वाइनच्या बाटल्या आणि व्हिनेगर पोचवलं. त्या पोराने मोठं झाल्यावर लिव्हीवरच पुस्तक लिहिलं.

याचा आपल्याकडे काही संबंध?

ओढूनताणून जोडायचा नाही असं ठरवलं होतं, पण खरा संबंध आहे. फिलिप्पो सास्सेत्ती, १५४० मध्ये फ्लॉरेन्सला जन्मलेला, शिकलेला व्यापारी, १५८३ मध्ये मिऱ्याच्या धंद्यासाठी कोचीनला आला, गोव्यात राहिला आणि १५८८ मध्ये गोव्यातच वारला. त्याने घरी पाठवलेल्या पत्रात लिहिलंय की इथल्या पंडितांच्या भाषेतले बरेच शब्द आपल्यासारखे आहेत, आणि यादी दिलीये: सेइ, सेत्ते, ओत्तो, नोव्हे, दिओ, सेर्पे. मोठ्याने वाचा. सहा, सात, आठ, नऊ, देव, सर्प. संस्कृत आणि युरोपच्या भाषांचं नातं मांडणाऱ्या विल्यम जोन्सच्या २०० वर्षं आधी हे एका मिरीवाल्याच्या लक्षात आलं, कारण त्याला लहानपणापासून शब्द तपासून बघायची सवय लावली होती.

आणि जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनीने केलेला, तिसऱ्या कोसिमो मेदिचीची भेट, १६९८ मध्ये बसवला. दर्शनाला जाऊन त्याच्याकडे न बघता परत आलेले लोक मला माहितीयेत, त्यात मी पण एक.

फ्लॉरेन्सला जाणार आहे, गर्दी सोडून काय बघू?

इन्नोचेन्ती. वास्तुकार ब्रुनेल्लेस्कीने रेशीम गिल्डसाठी १४१९ पासून बांधलेला अनाथाश्रम. दाराशी टाकून दिलेलं पहिलं बाळ ५ फेब्रुवारी १४४५ ला आलं, मुलगी, त्या दिवशी सेंट आगाथाचा सण म्हणून नाव ठेवलं आगाता, आगाता स्मेराल्दा. नोंदवहीत तसं लिहिलंय. पुढेही मुलीच जास्त यायच्या. बाहेरच्या कमानींचे फोटो सगळेच काढतात, तुम्ही आत म्युझियममध्ये जा, तिथे छोटे छोटे ड्रॉवर आहेत, एकेक ओढून बघायचे. आत अर्धी मोडलेली नाणी, अर्धी पदकं, मण्याचे तुकडे. बहुतेक १९व्या शतकातले. अर्धा तुकडा बाळाच्या कपड्यात आणि अर्धा आईजवळ, पुढेमागे न्यायला आली तर ओळख पटावी म्हणून. तिथे आहेत ते बाळांकडचे अर्धे.